बघून म्हणायचं

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रेल्वेगाडी चालवतात. असा माणूस मोठा रुबाबदार असेल, असं लग्नात आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात हे गृहस्थ डब्याचं झाकण लागलं की नाही तेही मोठ्यांदा जाहीर करणारे निघाले. मी पहिल्या दिवसापासून त्यांची टर उडवत आले आहे आणि अजूनही उडवते, कारण त्या घरात हसण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

तसा दोष त्यांचा नव्हता, कामाचा होता. पूर्वी इंजिनात दोघं असत, ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा. मदतनिसानं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच तोच शब्द परत म्हणायचा. "हिरवा." "हिरवा." दोघांचं जुळलं तर गाडी पुढं. डेपोत मदतनिसाला सगळे पोपट म्हणत, पण भावोजींना ते मुळीच खपत नसे. पोपट न बघता बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली. झोपायच्या आधी भावोजी पलंगावरून म्हणायचे, "गॅस बंद." मग ताई, कितीही दमलेली असो, कुरकुरत उठायची, स्वयंपाकघरात जाऊन बटण चाचपायची आणि तिथूनच ओरडायची, "बंद." कधी कामावरून आल्यावर तिचा चेहरा बघून ते उंबऱ्यातच थबकत आणि म्हणत, "लाल." तिला हसू फुटलं की लाइन क्लिअर. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही गं, असं ती मला सांगायची. मेली ती. खोड राहिली.

ताई गेली त्याच वर्षी त्यांच्या मार्गावर नवी यंत्रणा आली. सिग्नल आता खांबावर बघायचा नसतो, तो ड्रायव्हरच्या समोर पडद्यावर येतो. पुढं कुठवर जायची मोकळीक आहे, किती वेगानं जायचं, तेही तिथंच दिसतं. ड्रायव्हरनं दुर्लक्ष केलं तर यंत्र आपणहून ब्रेक लावतं. भावोजींनी या यंत्रणेला कधीच नावं ठेवली नाहीत. धुक्यात मला दिसत नाही ते तिला दिसतं, आणि तिला डुलकी लागत नाही, असं म्हणून ते तिचं कौतुकच करायचे. फक्त आता मदतनिसाचं काम उरलं नाही. शेजारची खुर्ची काढून नेली आणि तिचे बोल्ट तेवढे फरशीत राहिले. एकाच वर्षात त्यांना घरी उत्तर देणारं गेलं आणि इंजिनातलंही गेलं. मला त्यांची फार कणव यायची.

मग डेपोतून बोलावणं आलं. ही यंत्रणा हुशार आहे तशीच चहाडखोरही आहे. गाडी कुठं थांबली, ड्रायव्हरचा हात कधी हलला, इंजिनात काय आवाज झाला, सगळं टिपून ठेवते. त्यात असं दिसलं, की स्टेशनातून निघायची परवानगी पडद्यावर आली तरी हा माणूस दर खेपेला जरासा थांबतो. बाकी कुणी थांबत नाही. हा कानांचा दोष की डोक्याचा, ते डॉक्टरांनी ठरवायचं होतं. डोक्याचा ठरला असता तर गाडी हातातून जाणार होती, आणि निवृत्तीपर्यंत डेपोत टेबलामागं बसून राहायचं. भावोजी घाबरले होते. त्या रिकाम्या घरातून उठून जावं असं त्यांना जगात इंजिन हे एकच ठिकाण होतं. सोबत घरचं माणूस आणायला सांगितलं होतं, म्हणून मी बसनं गेले. दुसरं होतं कोण?

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, कान तपासले. दोन्ही ठणठणीत. मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. भावोजींचा आवाज आला, "हिरवा." त्यानंतर काहीच नाही, नुसती पंख्याची घरघर. मग गाडी हलल्याचा आवाज. बाईंनी पुढचं स्टेशन लावलं, त्याच्या पुढचं लावलं. सगळीकडे तेच. भावोजी आपल्या बुटांकडे बघत बसले होते. माझ्या ओठांवर नेहमीची थट्टा आली होती, ती आल्या पावली परत गेली.

"तुम्ही कशासाठी थांबता?" बाईंनी विचारलं.

"उत्तरासाठी."

"आणि येतं उत्तर?"

येतं म्हणाले असते, तर सगळं तिथंच संपलं असतं.

"नाही," भावोजी म्हणाले. "येत नाही अशी खात्री झाली की निघतो."

बाईंनी पेन उचललं. त्यांनी भावोजींना गाडी चालवायला योग्य ठरवलं. अट एकच, की यापुढं थांबायचं नाही. बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला, पण परवानगी आली की निघा. भावोजींनी मान डोलावली. गाडी राहिली म्हणून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण घरी परतलो तरी तो झाला नाही.

दुपारी ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले. मी पिशवी घेऊन चार पायऱ्या खाली उतरले होते. मागून आवाज आला, "कुलूप लागलं." आणि ते दाराशीच उभे राहिले.

इतकी वर्षं मी याला हसले होते. त्या दिवशी म्हटलं, "लागलं."

ते हलले नाहीत. "तू बघितलं नाहीस," म्हणाले.

खरंच बघितलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, परत वर चढले आणि कुलूप दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "लागलं," मी म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि पायरी उतरले.

बस येईपर्यंत आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी गेल्यावर ते घरी जाऊन ते कुलूप काढणार होते, आणि सकाळी कामावर निघताना पुन्हा लावणार होते. दाराशी किती वेळ थांबायचं, याला कुणाचीच अट नव्हती.