पाचव्या माळेचा फोम

गेल्या वर्षी सासूबाई आयर्लंडात पोर्टलीशला आमच्याकडे तीन महिने राहायला आल्या आणि पाच आठवड्यांत परत गेल्या. "थंडी सोसत नाही गं," एवढंच म्हणाल्या. सासरे गेल्यापासून पुण्याला त्या एकट्याच असतात. यंदाही व्हिसा तीन महिन्यांचा मिळाला, पण परतीचं तिकीट त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचंच काढायला लावलं. "बघू, जमलं तर पुढे ढकलू," म्हणाल्या. ते 'बघू' माझ्या डोक्यात बसलं. यंदा त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवून घ्यायचंच, असा मी चंग बांधला.

गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खोली खाली, पूर्वी गॅरेज होतं तिथे. एकेरी ब्लॉकच्या भिंती आणि वर सपाट छप्पर. रेडिएटर कितीही तापवा, बंद केला की अर्ध्या तासात खोली थंडगार. खोली आधीच अरुंद, त्यात भिंतींना ऊब धरणारे जाड तक्ते ठोकले असते तर पलंग बाहेर काढावा लागला असता. भिंती उबदार करून देणाऱ्या फोमवाल्याने क्लोज्ड सेल फोम सुचवला, भिंतींवर फवारायचा. त्याचा पातळ थर पुरतो, त्यातून ओल आत येत नाही आणि वाळला की दगडासारखा घट्ट बसतो. त्याने तारीख दिली होती ऑक्टोबरच्या शेवटची. मग एके दिवशी त्याचा फोन आला. कुणाचं तरी काम रद्द झालंय, येत्या गुरुवारी येऊ का? मी हॉस्पिटलच्या वॉर्डातून धावतपळत निघाले होते. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल', असं म्हणून मोकळी झाले.

घरी आल्यावर लक्षात आलं, गुरुवारी पाचवी माळ.

सासूबाईंनी त्या खोलीतच घट बसवला होता. गार्डन सेंटरच्या पिशवीतली माती, त्यात पेरलेलं धान्य, मधे कलश, शेजारी अखंड दिवा. आमच्याकडे नऊ दिवस घट जागचा हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही आणि घर बंद ठेवायचं नाही. फोमवाल्याची अट बरोबर उलटी. फवारणी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत घरात चिटपाखरू नको. माझी जुनी तारीख त्याने लगेच दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती; गुरुवार सोडला तर पुढची तारीख थेट नाताळानंतर, म्हणजे त्या परत गेल्यावर.

एखादी शहाणी बाई सरळ सासूशी बोलली असती. मी नवऱ्याला कटात घेतलं. तो ॲथलोनला नोकरी करतो, आणि तिथल्या मराठी बायकांचा त्याच संध्याकाळी भोंडला होता. त्याने आईला भोंडल्याला न्यायचं आणि रात्री मित्राकडेच मुक्काम करायचा, असं ठरलं.

"दिवा सोडून कशी येऊ?" सासूबाई म्हणाल्या.

"मी आहे ना घरी. सुट्टी काढलीय."

मग त्यांनी मला समोर बसवून वात कशी पुढे सारायची, काजळी कशी झाडायची, तेल कधी घालायचं, ते दोनदा दाखवलं आणि निर्धास्त होऊन गाडीत बसल्या. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मी घड्याळ बघत होते.

सुट्टीवर गेलेल्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे होती. घट कडेवर घेतला, दिवा दुधाच्या पातेल्यात ठेवला आणि दाराबाहेर पाऊल टाकलं, तोच वाऱ्याने दिवा विझला. मी तशीच उभी. फोमवाला अंगणात पांढरा पोशाख चढवत होता. त्याने काही न विचारता खिशातला लायटर काढून पुढे धरला. देवीचा दिवा मी सिगारेटच्या लायटरने लावला! मग म्हणाला, "सासूला हे माहीत आहे ना?" मी म्हटलं, "ग्रँड, ग्रँड." पहिल्याच वळणावर दिवा पुन्हा विझला. तो मी फ्लॅटवर पोचल्यावर लावला आणि रात्रभर त्याच्यापाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी परतले. चारही भिंती आणि छत पिवळट फोमने भरून गेली होती, तव्यावरच्या जाड आंबोळीसारखी खडबडीत. वरचे बोर्ड दसऱ्यानंतर लागणार होते. खिडक्या उघडून वास घालवला, फरशी पुसली आणि घट जागच्या जागी ठेवला. संध्याकाळी सासूबाई आल्या. भिंतींकडे बघतच राहिल्या.

"तुमच्यासाठी सरप्राइज," मी म्हटलं. "आणि घटाला हात लावू दिला नाही हं. तेवढा प्लॅस्टिकने झाकून घेतला."

त्या घटासमोर बसल्या, बराच वेळ. "चांगलं केलंस," म्हणाल्या आणि दिव्यात तेल घातलं. सुटले बाई, असं मला वाटलं.

दसऱ्याला त्यांनी घटातलं धान उपटलं आणि एक रोप माझ्या तळहातावर ठेवलं. निम्मं एका बाजूला झुकलेलं, तिथून मोडल्यासारखं वळून दुसऱ्या बाजूला वाढलेलं.

"मी ॲथलोनहून आले तेव्हा सगळं धान खिडकीला पाठ करून बसलं होतं," त्या म्हणाल्या. "उजेडाकडे पाठ करणारं धान मी जन्मात पाहिलं नाही."

परत आणल्यावर घट मी उलट्या बाजूने ठेवला होता. मग सगळं सांगून टाकलं: फ्लॅट, वारा, लायटर, दोनदा विझलेला दिवा. आता देवीच्या कोपावरून बोलणी खायची, अशी तयारी केली.

"देवीचं मी बघते. ती एवढ्यातेवढ्यावरून रुसत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला का नाही विचारलंस? मीच घट मांडीवर घेऊन गाडीत बसले असते."

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

"गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांचे एक्स-रे फोटो काढलेत. तुम्ही दोघं डॉक्टरशी माझ्यासमोर इंग्रजीत बोललात, काय ते ठरवलंत आणि मला म्हणालात, काळजी करू नका. मी थंडीमुळे गेले नव्हते गं. थंडीचं सांगायला सोपं असतं."

मी दिवसभर हॉस्पिटलात असते. पेशंटला नीट समजावून, त्याचा होकार घेतल्याशिवाय साधी सुईसुद्धा टोचत नाही. मला रडू आवरेना.

"आता खोली इतकी उबदार करून ठेवलीस," सासूबाई पदराने माझे डोळे पुसत म्हणाल्या, "की ते कारणही मला सांगता येणार नाही."

"आई, तिकिटाचं काय करूया?"

"विचारतेयस, की ठरवून सांगतेयस?"

"विचारतेय."

"मग थांब जरा," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मला विचार करू दे."