पाठराखीण

ऑफिसला जाताना अंबडच्या रस्त्यावर एका मेकॅनिक काकांचं आवार लागायचं. लष्कराच्या लिलावातले जुने ट्रक दुरुस्त करून ते विकत. रोज विचारत, "काय ताई, ऑफिस?" इंग्रजी शाळेमुळे मी मराठीत अडखळायचे, म्हणून नुसती हसायचे.

एकदा नामपूरचा कांदा व्यापारी तिथे एका ट्रकचं नुसतं इंजिन मागायला आला होता. "माले फक्त इंजिन जोयजे. बाकी भंगारच शे."

"लेकीचं काळीज काढून देत नसतो, शेठ. न्यायची तर अख्खी गाडी न्या."

"आन् वाटमां बंद पडनी तं?"

ते बॉनेटवर थाप मारून वळले. मग पान्ह्यांची पिशवी घेऊन केबिनमध्ये जाऊन बसले. "चला. पाठराखीण म्हणून मीच येतो."

व्यापारी हसत हसत स्टिअरिंगवर बसला. ट्रक फाटकाबाहेर पडताना खिडकीतून हाक आली, "ताई, मागच्या गल्लीत आमच्या घरी सांगा, नामपूरला गेलो म्हणून!"

अनोळखी दार वाजवायचं म्हणजे मला घाम फुटे. तरी गेले, अडखळत सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोला जराही नवल वाटलं नाही.

"सासर बरं मिळालंय ना तिला?" तिने विचारलं.

"कांद्याचं आहे," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.