शिवकन्येची काटकुळी रोपं

लग्न झाल्यापासून तलवाड्याच्या शिवकन्येनं एकही दिवाळी घरात केली नव्हती. दसरा झाला की ट्रक यायचा आणि नवरा अजिनाथबरोबर ती ऊसतोडीला जायची. यंदा मात्र तिनं आधीच सांगून टाकलं, "आपल्या ऋतुजाची दहावी हाय. मी न्हाई येत. टमाट्याची रोपं करून विकते."

"जगू दे तर आधी," अजिनाथ म्हणाला. "न्हाई जगली तर गपगुमान ट्रकात बसायचं."

ती "बरं" म्हणाली. ट्रेमध्ये माती भरून तिनं बी टाकलं, कोंब वर आले आणि पावसानं झड लावली. रोपं सडतील या धाकानं तिनं ट्रे घरात आणले. झड काही हटेना. अंधारात रोपं उजेडासाठी दाराकडं ताणत गेली. उंच झाली, पण दोऱ्यासारखी बारीक, फिकट, मान टाकलेली.

"फेकून दे, पोरी," सासू विमलबाई म्हणाल्या. "ह्यात काई राम न्हाई."

ऊन पडलं तसा तिनं घाईनं एक ट्रे अंगणात मांडला. दुपारपर्यंत त्यातली सगळी रोपं आडवी झाली. घरात वाढलेलं लेकरू एकदम उसाच्या फडाच्या उन्हात उभं केलं तर दुसरं काय होणार!

उरलेले ट्रे तिनं फक्त सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवले, मग थोडं थोडं ऊन वाढवलं. वरची माती सुकेपर्यंत पाणी बंद. वारा लागावा तसा शेंड्यांवरून हलका हात फिरवायची. मग एकेक रोप पिशवीत लावलं, पानांपर्यंत दांडा मातीत पुरून. बांधावर आडव्या पडलेल्या टमाट्याला दांड्यातून मुळ्या फुटलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

"जित्तं गाडतीस व्हय?" अजिनाथनं विचारलं.

तिनं पुढची पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. त्यातच मुकादमाचा निरोप आला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक. अजिनाथ कोयत्याला धार लावायला बसला. तो आवाज ऐकत ती पिशव्यांसमोर बसून राहिली.

शेंड्याला गर्द हिरवं पान फुटलं ते दसऱ्याच्या तोंडावर. त्याच दुपारी वावटळ सुटली. ती पिशव्या उचलायला धावली, तर अजिनाथनं हात धरला.

"थांब. बघू तरी."

"अहो, मोडतील की!"

रोपं वाकली, डोलली. वारं गेलं तशी पुन्हा उभी राहिली. अजिनाथनं एका रोपाचा दांडा चिमटीत धरून पाहिला.

"तोडीला जोडी लागती. चुलतभाऊ भारतलाबी औंदा जोडीदार न्हाई," तो म्हणाला. "आमी दोघं मिळून जातो. तू ऱ्हा पोरीजवळ."

ट्रक निघाला तेव्हा तो वरून ओरडला, "भाकरी कोण थापणार गं आता?"

ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. घरी आली तर दारात एक शेतकरी रोपं मागायला उभा.

"आठवडाभर थांबा, दादा," ती म्हणाली. "आजून कवळी हायत."