नत्थुजींचा वावळ

देवमनच्या हाताला यश आहे, असं अख्खं वलगाव म्हणे. तरुणपणी शेंदूरजनाघाटला राहून तो संत्र्याची कलमं बांधायला शिकला आणि गावी परतून रस्त्याला लागूनच रोपवाटिका टाकली. त्याने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. हे त्यालाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

त्याच गावात वच्छलाबाई भाजीचा मळा करायच्या. त्यांचे यजमान नत्थुजी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात होते. विहिरीच्या दगडांत उगवलेलं वावळाचं बोटभर रोप नत्थुजींनी पसरट कुंडीत लावलं आणि एकोणीस वर्षं छाटत, तारेने वळवत त्याचं हातभर उंचीचं झाड केलं. बुंधा मनगटाएवढा, पानं रुपयाएवढी. नत्थुजी गेले, झाड राहिलं.

माघात वच्छलाबाई कुंडी घेऊन देवमनकडे आल्या. लेक वर्षाली अकोल्याला दिली होती.

"देवमनभाऊ, वर्षालीले याचं एक रोप करून द्या. बापाच्या हातचं काहीतरी राहीन तिच्याजवळ."

"होऊन जाईन, वयनी."

पण तेव्हा संत्र्याच्या कलमांची घाई होती. माघ गेला, फाल्गुन गेला. वावळाचं रोप मुळांच्या तुकड्यांपासून होतं, आणि त्या मुळांना हात लावायचा तो नवी पालवी फुटायच्या आत, हे देवमन जाणून होता. तरी त्याने झाड उपसलं ते भर मे महिन्यात. शेजारचा ओमप्रकाश म्हणालाही, "या उन्हात कावून मुळं कापून राहिला बे?"

"दहा हजार कलमं बांधली म्या. याचं काय घेऊन बसला!"

जाड मुळांचे सात तुकडे त्याने रेतीत लावले आणि झाड परत कुंडीत बसवलं. आठ दिवसांत पानं करपली. पंधरवड्यात बुंध्याची साल नखाने सुटू लागली. रेतीतले तुकडेही एकेक करून कुजले. सातवा उकरून देवमनने बोटांत दाबला, तर तोही पिचला.

झाड मेलं, हे त्याने वच्छलाबाईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. वाळक्या फांदीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अन् रोप?"

वाफ्याशेजारी कॅनॉलच्या काठावरून आणलेलं वावळाचं एक रोप पिशवीत उभं होतं. त्यांची नजर तिकडे गेली.

"हे त्याचंच ना, भाऊ?"

"त्याचंच," देवमन म्हणाला.

मग वर्षभर त्याने त्या रोपाला जीव लावला. शेंडा खुडला, तार गुंडाळली, पसरट कुंडीत बसवलं. वच्छलाबाई ते मांडीवर घेऊन एसटीने अकोल्याला गेल्या. त्यानंतर लेकीकडून आल्या की त्या रोपवाटिकेत थांबायच्याच. "अगदी त्यायच्यावानी हट्टी हाये. किती वळवा, डावीकडंच जाते!" देवमन हसायचा. पुढच्या खेपेला सांगू, असं दरवेळी मनाशी म्हणायचा. अशी चार वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात वच्छलाबाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. तेरवीच्या पंगतीतून देवमन ताट तसंच ठेवून उठला.

महिन्याभराने तो अकोल्याला गेला. वर्षाली गच्चीवर झाडांना पाणी घालत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

तिने झारी खाली ठेवली. "आईले सांगतलं होतं?"

"नाही."

"चार वर्ष होते तुमच्याजवळ, काका."

"म्या म्हटलं, कशाले दुखवा..."

"जातानी तिनं मले हेच सांगतलं, बाबाले पाणी घालत जा म्हणे." वर्षालीने वावळाच्या कुंडीकडे बोट दाखवलं. "आता मी कोणाले घालू?"

तिने खाली येऊन चहा केला, पण समोर बसली नाही.

दिवाळीला त्याने फोन केला. वर्षालीने घरच्यांची खुशाली सांगितली. झाडाचा विषय तिने काढला नाही, आणि विचारायची देवमनची हिंमत झाली नाही.