दुसरं वाचन

विलासअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात एका गॅरेजसमोर स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभा होतो. फोन शालनवहिनींचा होता. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सुभाषराव, हे गेले. सकाळी उसाला पाणी द्यायला म्हणून गेले, ते बांधावरच बसले... तुमी या." मी "निघतोच" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. त्या क्षणी मला काय वाटलं, ते आज पाच आठवड्यांनी प्रथमच लिहितो आहे. मला आधी दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. अण्णांना सांगायची एक गोष्ट मी वर्षभर टाळत आलो होतो आणि आता ती सांगावी लागणार नव्हती. आष्ट्याच्या एसटीत बसल्यावर, कराड मागं पडल्यानंतर कधीतरी, मला स्वतःची लाज वाटायला लागली आणि मग रडू आलं.

अण्णा आमच्याच गावचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. सगळी नोकरी तोफांच्या आवाजात गेल्यामुळे डावा कान जवळजवळ निकामी झालेला. बोलताना उजवा खांदा पुढं काढून बसायचे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं, हा आता अंगावर येणार. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं, पण माझ्या लहानपणी आम्ही त्या घरचं पाणी पीत नव्हतो. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात अण्णांचे आजोबा गणपा आणि माझे आजोबा दौलू एकाच पलटणीतून आफ्रिकेच्या वाळवंटात लढायला गेले. गणपा परत आले. दौलू आले नाहीत. गणपा लढाई ऐन रंगात असताना मागं निघून आले आणि दौलूला तिथंच सोडलं, असं आमच्या घरात सांगितलं जाई. सांगायचे माझे वडील. ते तलाठी होते, चार माणसांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी अण्णांच्या घराला 'पळपुट्याचं घर' म्हटलं आणि गावानं ते उचललं. गणपा म्हातारे होऊन वारले, पण त्यांनी या बोलण्याला कधी उत्तर दिलं नाही.

अण्णांनी ते उत्तर शोधायचं ठरवलं. निवृत्तीनंतर त्यांनी घराची पुढची खोली रिकामी केली आणि भिंतीवर कागद चिकटवून त्या वाळवंटातल्या सैन्याची उतरंड काढायला घेतली. ब्रिगेडखाली कोणत्या बटालियन, बटालियनखाली कोणत्या कंपन्या, कोणत्या दिवशी कोणती कंपनी कुणाच्या हुकमतीत. परदेशातल्या एका अभिलेखागारातून पलटणीच्या रोजनिशीच्या पानांचे फोटो मागवले आणि शेजारी शब्दकोश ठेवून एकेक ओळ लावली. शिपायांच्या घरी मोडीतली पत्रं निघतील म्हणून सांगलीला जाऊन मोडी शिकले. धाकटा भाऊ रमेश म्हणायचा, "आजा पळाला न्हाई एवढं लिहा आन् मोकळं व्हा." ग्रामपंचायत गावच्या सैनिकांची कमान बांधणार होती, तिच्या उद्घाटनाला पुस्तिका वाटावी असा रमेशचा बेत होता. अण्णा मान हलवायचे आणि पुन्हा कागदात डोकं घालायचे.

ते माझ्याकडे साताऱ्याला पहिल्यांदा आले ते आजीच्या पेन्शनीच्या फाईलसाठी. दौलूची कंपनी कोणती, हे तिच्यावरून नक्की होणार होतं. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी चहा दिला, फाईल दिली नाही. तिसऱ्या वेळी ते आले आणि काही न विचारता माझ्या टेबलावर आगपेटी रिकामी करून बसले.

"ह्या आठ काड्या म्हंजे आठ तोफा. एक बॅटरी. अशा तीन बॅटऱ्या एका ब्रिगेडच्या वाट्याला. आता बगा..." त्यांनी शेंगांची टरफलं काड्यांभोवती पसरली. "हे पायदळ. उघडं वाळवंट, आडोसा कुठंच न्हाई. समोरनं रणगाडा आला तर रायफलवाला काय करणार? त्याला वाचवायची ती तोफच. आन् तोफा तर लय गेल्या होत्या." बोलता बोलता त्यांनी निम्म्याहून जास्त काड्या उचलून बाजूला ठेवल्या. "मग वरनं ऑर्डर आली, सुभाषराव. जेवढ्या तोफा शिल्लक हायत, तेवढ्यांच्या आडोशाला मावंल तेवढंच पायदळ फुडं ऱ्हाईल. बाकीचं ट्रकमदी घालून मागं." त्यांनी टरफलांचा एक ढीग हातानं टेबलाच्या कडेला सारला. "ही ऑर्डर रोजनिशीत हाय. तारखेनिशी. माझा आजा पळाला न्हाई. त्याला मागं धाडला."

मी त्या टरफलांकडं बघत राहिलो. जन्मापासून ऐकलेली गोष्ट एका रिकाम्या आगपेटीनं हलवली होती आणि ते मला आवडलं नव्हतं. मी विचारलं, "मग दौलू का राहिला?"

"ते मला ठावं न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हनून तर तुमची फाईल मागतोय."

मी फाईल दिली. पेन्शनीचं पुस्तक, सरकारी तार, आणि मधे चार घड्या पडलेला एक पिवळा कागद. त्यावरची मोडी आमच्या घरात एकट्या वडिलांना येत होती. जुनी जमिनीची दप्तरं वाचून वाचून त्यांचा हात बसला होता. अण्णांनी तो कागद उलगडला आणि खिडकीपाशी नेला. पहिल्या दोन ओळी ओठांत पुटपुटल्या, मग ओठ थांबले. नजर मात्र खालपर्यंत गेली. शेवटी म्हणाले, "अक्षर लय गिचमिड हाय. घरी न्हिऊन बसून वाचतो. आठ-दहा दिवसांत परत करतो."

मला तेव्हाच वाटलं, यांना वाचता आलंय. कागदात यांच्या आजोबाविरुद्ध काहीतरी आहे आणि आता तो कागद हरवणार, भिजणार, नाहीतर त्याचा अर्थ बदलणार. मी हो म्हणालो, पण "फक्त एक फोटो काढून ठेवतो," असं सांगून मोबाईलवर दोन्ही बाजू टिपून घेतल्या. अण्णा म्हणाले, "काढा की. काढायलाच पायजे." दुसऱ्या दिवशी मी तो फोटो साताऱ्यातल्याच मोडी जाणणाऱ्या एका वयस्कर शिक्षकांकडं घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून वाचलं आणि मला देवनागरीत उतरवून दिलं.

दौलूनं लिहिलं होतं, 'माझे नाव मागे जाणाऱ्यांत होते, गणपाचे राहणाऱ्यांत. त्याने माझे पाय धरले. म्हणून हवालदारास सांगून मी माझी जागा त्याला दिली. हे पत्र त्याच्याच हाती देत आहे. घरी त्यास कोणी बोल लावू नये.'

म्हणजे हे पत्र गणपांनीच आणलं होतं. ते आमच्या दारात येऊन आजीच्या हातात देऊन गेले असणार. आजीला वाचता येत नव्हतं. वडिलांना येत होतं... 'घरी त्यास कोणी बोल लावू नये' हे त्यांनी वाचलं होतं आणि तरीही ते आयुष्यभर बोल लावत राहिले होते. त्या उतरवलेल्या कागदाची घडी मी शर्टाच्या खिशात घातली. पत्नीलाही दाखवली नाही.

आठवड्यानं अण्णा आले. मूळ पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे जपून आणलं होतं. मी समोर बसलो. माझ्या मनात एकच होतं : आता हा माणूस कोणते शब्द गाळतो ते बघू. अण्णांनी चष्मा पुसला आणि अक्षराखाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. 'त्याने माझे' इथपर्यंत आले आणि थांबले. "त्याने माझे पाय धरले," अण्णांनी वाचलं. मग तेच शब्द पुन्हा, माझ्याकडं बघून, "पाय धरले, सुभाषराव." 'बोल लावू नये' ही शेवटची ओळही त्यांनी तशीच सरळ वाचली, माझ्या वडिलांचं नाव न घेता. कागद टेबलावर ठेवला आणि उजवा खांदा पुढं काढून म्हणाले, "माझ्या वाचण्यावर जाऊ नका. मी त्या घरचा मानूस. एखादा शब्द मला पायजे तसा लागला असंल. साताऱ्यात दुसऱ्या कुनाकडनं तरी वाचून घ्या. पत्र तुमच्या घरचं हाय, दाखवायचं का न्हाई ते तुमी ठरवा. पर दुसरं वाचन झाल्याबिगर मी हे छापणार न्हाई."

दुसरं वाचन माझ्या खिशात होतं. शब्द न् शब्द जुळत होता. मी म्हणालो, "गरज नाही, अण्णा. तुमच्यावर विश्वास आहे."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्यांच्या घरातल्या माणसावर आमच्या घरातल्या माणसानं विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती आणि ती खोटी होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर वाचन पक्कं झालं असतं, पुस्तिकेत छापलं असतं, आणि माझ्या वडिलांनी काय केलं ते गावासमोर आलं असतं. मी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

पुढचं वर्ष अण्णांना जड गेलं. रमेशनं पुस्तिकेसाठी छापखाना ठरवला होता. अण्णांनी छपाईच्या आदल्या दिवशी मजकूर परत मागवला. नुसती ऑर्डर छापली तर अर्धंच खरं होतं, आणि पत्र एकट्याच्या वाचनावर छापायचं नव्हतं. मी गावी गेलो होतो तेव्हा रमेश माझ्यासमोरच कडाडला, "ऐंशी वर्सं ऐकून घेतलं आपल्या घरानं. आता हातात कागद आला तर तुमीच आजाला रडका ठरिवताय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "भ्याला असंल तो. मी तोफेवर हुतो, रमेश. भीती काय असती ते तुला न्हाई कळायचं." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. कमान उभी राहिली, पुस्तिका निघाली नाही. अण्णा महिन्याकाठी मला फोन करायचे. ऊस, मुलंबाळं, साताऱ्यातली थंडी, सगळं विचारायचे. पत्राबद्दल एकदाही विचारलं नाही. फोन ठेवण्याआधी मात्र थोडा वेळ गप्प राहायचे... मी त्या शांततेत काही बोलतो का, याची वाट बघत असावेत. मी "बरं, ठेवतो" म्हणायचो.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी पुन्हा गावी गेलो आणि शालनवहिनींना सगळं सांगितलं. खिशातलं वाचन, माझं खोटं, वडिलांचं. त्या दळण निवडत होत्या. सुपातले हात थांबले. मला वाटलं, आता या उठून आत जातील. पण त्या म्हणाल्या, "वाचून घेतलंत ते बरंच केलंत. त्यांनीबी तेच सांगितलं हुतं तुमाला. सांगितलं न्हाईत, ते वाईट केलंत." मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं.

भिंतीवर ब्रिगेडचा तक्ता तसाच होता. वहिनींनी कपाटातून एक जाड वही काढून दिली. अण्णांनी प्रत्येक नोंदीपुढं लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. तोफांची संख्या, दोन खुणा. मागं जाण्याची ऑर्डर, दोन खुणा. एकच गोष्ट दोन ठिकाणी मिळाल्याशिवाय दुसरी खूण नाही. पानामागून पान तसंच. शेवटच्या लिहिलेल्या पानावर दौलूचं पत्र त्यांनी पूर्ण उतरवलं होतं, 'पाय धरले' सकट. त्याच्यापुढं एकच खूण होती, आणि बाजूला लिहिलं होतं, 'दुसरे वाचन बाकी.'

मी वहिनींकडं पेन मागितलं. त्या ओळीखाली साताऱ्याच्या शिक्षकांचं नाव लिहिलं आणि वाचनाची तारीख घातली. वहिनी चष्मा लावून वाकून बघत होत्या. अण्णांच्या वरच्या नोंदीतल्या तारखेवर त्यांचं बोट गेलं, मग खालच्या. "ही तारीख तर ह्यांनी तुमाला वाचून दाखवायच्या आदीची हाय," त्या म्हणाल्या. "लोक इचारतील."

"विचारू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात रमेश दारात येऊन उभा राहिला. किती वेळ ऐकत होता, माहीत नाही. आत आला, वही स्वतःकडं वळवून सगळं पत्र वाचलं. 'पाय धरले' वर थांबला, मग शेवटच्या ओळीवर थांबला. मला विचारलं, "हे दोन्ही छापायचं?"

"दोन्ही," मी म्हणालो. "तुमच्या आजोबांचं आणि आमच्या वडिलांचं."

टेबलावरच्या डब्यात चाचपून त्यानं लाल पेन्सिल काढली, टोक बोथट झालं होतं ते ब्लेडनं नीट तासलं, आणि माझ्यापुढं धरली.