न तपासलेलं पातं

राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा आमचं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि गोंदिया पलीकडच्या राज्यात गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझं लग्न झालं. माझं माहेर लांजीजवळचं. आम्ही जातीनं सुतारच, पण वडलांनी रंधा सोडून धानाची शेती धरली होती आणि मला सातवीपर्यंत शिकवलं होतं. बालाघाटला मुलींच्या प्राथमिक शाळेत मी बाई झाले. नवरा मात्र पुरा सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मी शाळेतून आले की पायाखाली सागाचा भुसा असायचा.

पलंग हे त्यांचं खास काम. पायाला आरपार भोक पाडून त्यात लांब बोल्ट घालायचा, म्हणजे पलंग खोलून बैलगाडीवर नेता येतो. भोक केसभर तिरपं गेलं तर बोल्ट पलीकडच्या लाकडाला भेटत नाही आणि पलंग जन्मभर कुरकुरतो. म्हणून भोक पाडायच्या गिरमिटाच्या पात्याबद्दल ते फार चिकित्सक होते. कपडा घ्यायला पाच मिनिटं, पण पातं घ्यायला अर्धा दिवस. लग्न नवीन असताना त्यांच्याबरोबर मी गोंदियाच्या बाजारात गेले, की दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. ते एकेक पातं दुकानाच्या काचेवर गडगडत सोडायचे. सरळ असेल तर गुपचूप घरंगळतं, वाकडं असेल तर उड्या मारतं. मग टोकाचा पीळदार आटा नखानं पाहायचे. मग त्या आट्याच्या दोन्ही बाजूंचे दात अंगठ्याखाली धरून बघायचे, सारखे आहेत का. शेवटी खिशातून छोटी कानस काढायचे आणि दाताला हळूच लावायचे.

"कानस कुरकुरत लागली पाह्यजे," ते मला सांगायचे. "लोण्यात शिरल्यावानी शिरली, तं समजायचं त्याले पाणीच नाही देल्लं. वरून चमकते नुस्तं."

परदेशी पाती तेव्हा येईनाशी झाली होती. जी देशी यायची त्यातली बरीचशी अशीच, चकाकणारी आणि मऊ. वीस बघितली तर एखादं पसंत पडायचं.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एक दिवस ते दारातल्या बादलीला अडखळले. बादली रोजच्याच जागी होती. मग पाटावर बसताना शेजारचा तांब्या लवंडला. मी म्हटलं, लक्ष कुठं असतं. त्यांनी चाचपून तांब्या उभा केला. समोरचं त्यांना दिसायचं, पण बाजूचं दिसेनासं झालं होतं, आणि हे त्यांनी माझ्यापासून वर्षभर लपवलं. मला कळलं ते पात्यावरून. पूर्वी आटा नखानं पाहून झाल्यावर डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघायचे, ते त्यांनी सोडलं होतं. डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायचे.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही," ते म्हणाले. थेंब दिले. परतीच्या प्रवासात यांनी मला एकच विचारलं, "राजेगाव गेलं का?" बस तेव्हा राजेगावातच उभी होती. ते खिडकीपाशी बसले होते.

काम त्यांनी थांबवलं नाही. मी शाळेतून आले की आम्ही दोघं मिळून करायचो. खुणा मी करून द्यायची. त्यांनी पातं खुणेवर टेकवलं की मी शेजारी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, उभा धरायची आणि सांगायची, "थोडं तुमच्याकडं घ्या. बस, आता सरळ आहे." मग ते छातीचा भार देऊन फिरवायचे. कामाचा वेग निम्म्यावर आला, पण भोकं सरळ पडत होती. गावात मात्र बातमी पसरली होती. आंधळ्या मिस्त्रीला पलंग कोण सांगणार? लोक खुर्चीचा हात बसवून घ्यायला यायचे, पाटाला खिळा मारून घ्यायला यायचे. जवळजवळ वर्षभर मोठं काम आलं नाही.

मग लामता गावचे एक शेतकरी आले. यांनी त्यांच्या थोरल्या मुलीचा पलंग केला होता, आता धाकटीचं लग्न ठरलं होतं.

"मले दुसऱ्याच्या हातचा नाही पाह्यजे," ते यांना म्हणाले. "पहिला अजून कुरकुरला नाही."

त्या संध्याकाळी हे दोनदा भात मागून जेवले. दुसऱ्या दिवशी पलंगाचे पाय तासायला घेतले. पण जुनं पातं घासून घासून संपत आलं होतं, त्याचे दात नावालाच उरले होते. नवं आणायचं होतं आणि गाडीच्या गर्दीत ते येऊ शकत नव्हते. मी म्हटलं, मी आणते.

तसं मी आधीही दोनदा एकटीनं आणलं होतं. त्यांनी माझा अंगठा धरून मला शिकवलं होतं. कानस माझ्या पिशवीत असायची. दुकानदार पहिल्यांदा हसला होता, "बाईजी, नया माल काहे घिसती हो?" पण दुसऱ्या वेळी त्यानं स्वतःच सगळी पाती काचेवर ओतली होती.

या वेळी मी गोंदियाला पोचले तेव्हा दुकानात आमच्या शाळेचे हेडमास्तर उभे होते. घराच्या दारांना बिजागऱ्या घ्यायला आले होते. शाळेत मला सगळे मास्तरीण म्हणून ओळखत. घरी काय चालतं हे मी कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'लाकडाचं काम आहे' म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वखार वाटावी. दुकानदारानं मला पाहिलं आणि न विचारताच पाती काढली. हेडमास्तरांनी वळून बघितलं.

"आप ये सब खरीदती हैं, बहनजी?"

"घर में छोटा-मोटा काम रहता है," मी म्हटलं.

ते तिथंच उभे राहिले. कुतूहलानं, वाईट हेतूनं नाही. माझा हात पिशवीत कानशीवर होता. तो बाहेर निघाला नाही. हेडमास्तरांसमोर लोखंड घासत बसायची मला लाज वाटली. मी हव्या त्या मापाचं वरचंच पातं उचललं, काचेवर गडगडवलंही नाही, पैसे दिले आणि निघाले. गाडीत बसल्यावर ते पिशवीतून काढून पाहता आलं असतं. तेही मी केलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पाह्यलं ना नीट?"

"हौ," मी म्हटलं.

त्यांनी ते हातात घेतलं, अंगठा दातांकडे नेला आणि मध्येच थांबवला. "तुनं पाह्यलं तं झालं," म्हणाले आणि हँडलात बसवलं.

तिसऱ्या पायाला ते घडलं. पहिले दोन कसेबसे निघाले होते आणि हे धापा टाकत होते. त्यांना वाटलं, जोर कमी पडतोय. तिसऱ्याला मी गुण्या धरला, सरळ आहे म्हटलं, त्यांनी फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यात पातं अडलं. त्यांनी सगळा भार टाकला. लाकडातून कर्र असा आवाज आला आणि पलीकडच्या बाजूनं ढलपा निघाला. भोक भलतीकडेच बाहेर पडलं होतं. तासून, घासून, कोरून झालेला पाय वरपासून खालपर्यंत चिरला होता.

त्यांनी चिरेवर बोटं फिरवली, अगदी सावकाश, शेवटपर्यंत. मग हातातलं खाली ठेवलं.

"हात गेला माहा," ते म्हणाले.

गुण्या माझ्या हातात होता. भोक सुरू झालं तेव्हा त्यांचा हात सरळ होता, शेवटपर्यंत सरळ होता, हे फक्त मला दिसलं होतं. पातं मी नंतर मोरीपाशी नेऊन बघितलं. एका बाजूचा दात दुसऱ्यापेक्षा खाली होता आणि त्याची धार नखानं वळत होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी भीती होती, पण ती तासाभरात ओसरली. खरं सांगायचं तर त्यानंतर मला सुटल्यासारखं वाटलं. दिवसभर चाळीस मुली सांभाळून आल्यावर गुण्या धरून उभं राहायचं मला जड झालं होतं. धारदार पटाशीवर त्यांचा हात पडेल म्हणून शाळेत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. वाटलं, आता हे आपणच थांबतात तर थांबू देत.

पलंग होणार नाही, असा मी लामत्याला निरोप धाडला. ते शेतकरी येऊन बसून गेले, पलंगाचा विषय त्यांनी काढलाच नाही. यांनी हत्यारांना तेल लावून ती पेटीत घातली. कुलूप लावायला मी मदत केली.

पुढच्या दीड वर्षात उरलेली नजरही गेली. ते ओट्यावर बसून असायचे. कोणी आलं, डोळ्यांची चौकशी केली, की म्हणायचे, "डोयाचं काही नाही. हातानं दगा देल्ला." प्रत्येकाला हेच. माझा भाऊ लांजीहून आला, त्यालाही. पोस्टमनलाही. मी आत भाजी चिरत ते ऐकायची. एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्या बाईला सांगताना त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला, जसा डॉक्टरला दाखवतात तसा. ती गेल्यावर मी बाहेर येऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. दुकान, हेडमास्तर, पिशवीतली कानस, मोरीपाशी पाहिलेला दात.

त्यांनी तळहात माझ्याकडे पसरला.

"आहे का ते?"

मी पेटीतून पातं काढून दिलं. त्यांनी अंगठा दातांवर नेला. एकदाच.

"गुण्या सरळ होता?"

"हौ. सरळच होता."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, आता तरी घरी बसान तुम्ही."

"मी घरीच होतो वं," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडायला लावली. साजाच्या लाकडाचा एक तुकडा मागितला. मी खूण कोरून दिली, गुण्या धरला. पण दीड वर्षात त्यांचे दंड उतरले होते आणि बोटांना खूण सापडेना. सापडली तर टोक घसरायचं. तीनदा घसरलं. चौथ्यांदाही घसरलं आणि ते मला दिसतंय हे त्यांना कळलं. त्यांनी हँडल माझ्याकडे दिलं.

"उचलून ठेव," म्हणाले.

तेव्हा खरोखरच हात गेला होता. त्या पहिल्या वेळी गेला नव्हता.

त्यानंतर ते चार वर्षं जगले. हातानं दगा दिला असं कोणालाही पुन्हा म्हणाले नाहीत. पातं खराब होतं असंही म्हणाले नाहीत, माझं नाव कधी घेतलं नाही. कोणी विचारलं तर "चाल्लं" म्हणायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे. मला वाटायचं, एकदा भांडावं यांनी, चार माणसांत सांगावं. मी तसं म्हणूनही बघितलं. "काय करतं सांगून," एवढंच बोलले. जेवताना मी वाढलेलं सगळं खायचे, कमी की जास्त ते सांगायचे नाहीत.

ते गेले त्या वर्षी पाऊस फार झाला होता आणि वैनगंगेला पाणी होतं. ताप आला, आठव्या दिवशी गेले. तेरावं झाल्यावर माझा भाऊ म्हणाला, चल लांजीला. मी गेले नाही. सोमवारी शाळा उघडली तशी मी गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि दुसरीच्या मुलींना पाढे म्हणायला सांगितले.