हसायची मनाई

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझं पहिलं ऑपरेशन झालं. शौचाच्या वाटेत, आत, गाठ होती आणि ती वाईट निघाली. डॉक्टरांनी गाठीसकट खालची वाटच काढून टाकली, जागा शिवून बंद केली आणि आतड्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला आणून ठेवलं. लाल, ओलं, चिरलेल्या टमाट्यासारखं ते दिसे. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. पहिले आठ दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नाही. नवव्या दिवशी माझी मोठी जाऊ दवाखान्यात आली, तिनं पट्टी काढायला लावली, वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, "बस, एवढंच? मले वाटलं काय तं मोठं केलं असन."

ही जाऊ शहापूरची. माहेर मोठ्या रस्त्यावर, त्यामुळे लहानपणापासून ट्रकवाल्यांच्या, कंडक्टरांच्या, पोलिसांच्या नकला हिच्या अंगात मुरलेल्या. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणायचे. आमचं गाव पवनीपासून दोन कोसांवर. घरी सासूबाई, त्यांना आम्ही दोघी आत्या म्हणत असू, भासरे म्हणजे माझे मोठे दीर, त्यांची बायको बाई, माझे मालक आणि मी. धानाची शेती, दारात दोन बैलं, मागे गावतलाव. असं घर.

नर्सनं मला शिकवलं होतं त्याप्रमाणे रोज सकाळी एनिमाचा डबा खुंटीला टांगायचा, नळीनं कोमट पाणी त्या तोंडातून आत सोडायचं आणि पाऊण तास बसून राहायचं. पोट मोकळं झालं की दिवसभराची काळजी मिटली. वर कापसाची घडी, त्यावर पट्टा, त्यावर लुगडं. न्हाणीच्या तट्ट्याआड मी बसायचे आणि तट्ट्याच्या अलीकडे बाई तांदूळ निवडत बसायची. पाणी गरम करणं तिचं काम. मला हसवत ठेवणं हेही तिनं स्वतःकडे घेतलं होतं.

मात्र वाऱ्यावर आपला ताबा नसतो. एकदा दुपारी आत्या पोथी वाचत होत्या. आम्ही समोर बसलो होतो. आदल्या दिवशी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडून खाल्ल्या होत्या, त्याचा परिणाम. आत्यांनी ओवी संपवून श्वास घेतला आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या पोटावरून लांबलचक "हूंऽऽ" असा आवाज आला.

आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोन हुंकार दिला वो?"

बाई गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या तिसऱ्या सुनेनं."

आत्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पोथी मिटली, पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या दिवसापासून आमच्या घरात पोटावरच्या त्या तोंडाचं नाव तिसरी. तिसरी बोलली, तिसरी रुसली, तिसरीला वाटाणे चालत नाहीत. भासरे एकदा बाजारात जाताना विचारून गेले, "तिसरीसाठी कापूस आनायचा हाय का?" आणि विचारल्यावर स्वतःच लाजले.

तीन वर्षं अशी बरी गेली. चौथ्या हिवाळ्यात मला खोकला लागला, तो मी अंगावर काढला. त्यातच एक दिवस पाण्यानं भरलेला पितळी गुंड एकटीनं उचलला. चार-सहा दिवसांत दिसायला लागलं की तिसरीच्या भोवतीचं पोट फुगतंय. आधी लिंबाएवढं, मग पेरूएवढं, होळीपर्यंत नारळाएवढं. आडवी झाले की गुडगुड आवाज करत आत जायचं. उभी राहिले की हळूहळू बाहेर. खोकले की झटकन बाहेर. आणि हसले की सगळ्यात जास्त.

पवनीच्या डॉक्टरांनी उभं करून, झोपवून तपासलं. "हर्निया आहे. आतडं बाहेर काढायला जे भोक पाडलं, त्याच्या कडेचे स्नायू सैल पडलेत. त्यातून आतलं आतडं कातडीखाली येतं. वजन उचलायचं नाही, खोकला आला की लगेच औषध घ्यायचं, कुंथायचं नाही."

माझ्या मालकांना प्रत्येक गोष्ट नीट विचारून घ्यायची सवय. "आन हसनं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "जोरजोरानं हसणंही नको."

झालं. घरी येऊन भासऱ्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. भासरे म्हणजे गावात भांडणं मिटवायला बोलावतात असा माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात कोनी गमतीचं बोलनार नाही."

मी बाईकडे बघायचं टाळलं. बाई छताकडे बघत होती. आढ्यावरची पाल चुकचुकली आणि बाई हळूच म्हणाली, "तिलेही सांगा." मी दोन्ही हातांनी पोट दाबून आत पळाले.

त्यानंतर आम्हा दोघींची पंगत वेगळी झाली. मी आत्यांबरोबर आधी जेवायचे, बाई मागून. रोवण्याच्या दिवसांत मला बांधीत वाकून धान लावायला बंदी, म्हणून मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बायांना पाणी द्यायचे. बाई त्या रांगेत असायची. तिला मुद्दाम माझ्याकडे पाठ करून उभी करत. पण बाईची पाठसुद्धा हसवायची. चिखलात रुतलेल्या ट्रकसारखी ती मागे यायची, कमरेतून हलत, आणि मी गवत उपटत दुसरीकडे बघायचे.

गावाला काही काळ वेगळाच संशय होता. एका हळदीकुंकवाला शेजारची एक म्हातारी माझ्या लुगड्यावर नजर ठेवून म्हणाली, "कितवा महिना वो?"

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाली, "नववा सरून गेला मावशी. पन डावीकडेच अडून बसलं, निघतच नाही."

म्हातारीनं खरंच वाटून माझी ओटी भरली. खोबऱ्याची वाटी, तांदूळ, सगळं. घरी येईपर्यंत मी दातांनी पदर चावत चालले.

पट्टा मी स्वतः शिवला. मला शिवणयंत्र चालवता यायचं. जुन्या पलंगाची नवार काढली, ती जाड आणि न ताणणारी. दोन पदरी पट्टा, मध्ये तिसरीसाठी गोल भोक, भोकाच्या कडेला छत्रीचं कापड, मागे तीन बंद. पहिला पट्टा सैल झाला, दुसऱ्यात श्वास घेता येईना, तिसरा बसला. सकाळी आडवं होऊन, फुगवटा आत गेला की मगच बांधायचा. बाई बंद ओढायची आणि वर म्हणायची, "बैल जुपून राहिली असं वाटते." त्या पट्ट्यावर मी तीन वर्षं काढली.

पण सकाळचं पाणी बिघडत चाललं. आतडं वाकडं झालेलं, नळी नीट जाईना, गेली तर पाणी तसंच परत यायचं. दिवसभर मोकळं राहण्याची खात्री गेली. लग्नाला जायचं तर मी दोन घड्या जास्त घेऊन कोपऱ्यात बसायचे. चारचौघांत जाणं मी कमी केलं आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही.

मग एका सकाळी फुगवटा आत जाईचना. धान मळणीचे दिवस, बाई सोडून घरातले सगळे खळ्यावर. मी आडवी झाले, कुशीवर वळले, काही नाही. पोट दगडासारखं टणक, कळा यायला लागल्या. बाई आली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एकही गंमत केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं माझे गुडघे उभे करून दिले, खाली उशी घातली, पोटावर ओलं फडकं ठेवलं, शेजारून हात ठेवला आणि नुसती बसून राहिली. शेजारणीला तिनं खळ्यावर पिटाळलं, बैलगाडी जुंपून आणायला. गाडी दारात आली तेव्हा पोटात गुडगुड झालं आणि फुगवटा हळूच आत गेला. बाईनं पदरानं तोंड पुसलं. "बस झालं आता," ती म्हणाली. "नागपूरले जाऊ."

आम्ही दोघी आणि माझे मालक पवनीहून एसटीनं नागपूरला गेलो. सर्जन पहिल्या वेळचेच, पण केस पांढरे झालेले. त्यांनी पट्टा सोडवला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कोणत्या दुकानातला?"

"पलंगाचा हाय," मी म्हणाले.

त्यांनी मला उभं राहून खोकायला सांगितलं. बसच्या प्रवासात मी इतकी घाबरून गेले होते की धड खोकता येईना. फुगवटाही दडून बसला. "जोरानं," ते म्हणाले. मी कोंबड्यासारखा आवाज काढला. काही नाही.

माझे मालक कोपऱ्यातून बोलले, "साहेब, हसवलं तं येते. बाहेर माही वहिनी बसली हाय, तिले बोलावू का?"

बाईला आत बोलावलं. सर्जन गंभीरपणे म्हणाले, "यांना हसवा." बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, शिकाऊ डॉक्टरांच्या रांगेकडे पाहिलं, माझ्या उघड्या पोटाकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाली, "साहेब, तीन वर्सांपासून घरचे मले याच गोष्टीसाठी शिव्या देऊन राहिले. तुमी लिहून द्या."

नारळ बाहेर आला. एक शिकाऊ डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सर्जननी स्वतः चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी खुर्ची ओढून मला सगळं सांगितलं, मालकांना नाही, मला. नुसतं शिवून बंद केलं तर बहुतेक पुन्हा सुटेल. त्यापेक्षा तिसरीलाच (त्यांनाही एव्हाना नाव कळलं होतं) डावीकडून काढून उजवीकडे बसवू आणि डावीकडचं भोक बंद करू. तिथंही पुन्हा फुगवटा येऊ शकतो. "येणार नाही असं मी म्हणणार नाही. नाही केलं तर पट्टा लावून राहता येईल. पण त्या दिवसासारखं अडकलं आणि सुटलं नाही, तर घाईत करावं लागेल, आणि घाईतलं ऑपरेशन वाईट. घरी जा, विचार करा."

आम्ही घरी आलो आणि विचार केला. म्हणजे सगळ्यांनी केला. आत्या म्हणाल्या, चाललं हाय न, चालू द्या. भासरे म्हणाले, डॉक्टर शिकलेला हाय. मालक रोज वेगळं बोलायचे, मला पुन्हा टेबलावर झोपलेली बघणं त्यांच्यानं होत नव्हतं. मी बाईला विचारलं. तिनं सुपातले खडे वेचत उत्तर दिलं, "पोट तुह्यं हाय. मी नाही सांगत."

मी महिनाभर ते मनात घोळवलं. अडकण्याची भीती होतीच. सकाळच्या पाण्याचा त्रास होता. पण खरं सांगायचं तर निर्णय एका फालतू गोष्टीनं झाला. मळणी आटोपली होती, बाई भासऱ्यांची नक्कल करत अंगण झाडत होती, आणि मी खाली बसून दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते. माझ्या मनात आलं, एकदा तरी हात मोकळे ठेवून हसायचंय. संध्याकाळी मी मालकांना सांगितलं, "करून टाकू."

ऑपरेशन नीट झालं. तिसरी उजवीकडे आली. बाई माझ्याबरोबर बायकांच्या वॉर्डात राहिली, पण तिसऱ्याच दिवशी मोठ्या सिस्टरनं तिला बाहेर काढलं, कारण तिच्यामुळे वॉर्डातल्या अकरा बाया टाके धरून कण्हत हसत होत्या. मला घरी आणलं तेव्हा सर्जननी तीन महिने जोरानं हसायला सक्त मनाई केली होती. मालकांनी आणि भासऱ्यांनी मिळून ठरवलं आणि बाईला दीड महिन्यासाठी शहापूरला पाठवून दिलं.

ती गेल्यावर आठव्या दिवशी तिचं पोस्टकार्ड आलं. मालकांनी ते आधी वाचून तपासलं. गमतीचं काही नाही अशी खात्री करून मला दिलं. त्यात लिहिलं होतं: "इकडे सर्व क्षेम. पाऊस नाही. म्हैस व्यायली. मी आता गंभीर झाली आहे." एवढंच. मी उशी पोटाला लावून रडेपर्यंत हसले. मालक कार्ड हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत होते, "याच्यात काय हाय?" म्हणत. टाके टिकले.

तीन महिन्यांनी तपासणीला दोघीच गेलो. सर्जननी पोट चाचपून सांगितलं, "आता हसा." परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. उमरेडपर्यंत एकमेकींकडे बघत होतो. काही केल्या हसू येईना. परवानगी मिळाल्यावर सगळं आटलंच होतं. बाईनं कंडक्टरची नक्कल केली, तीही फसली.

भिवापूरला एक माणूस लाल मिरचीचं पोतं घेऊन चढला. पुढच्या खड्ड्यात पोतं उसवलं. क्षणात सगळी गाडी शिंकायला लागली. ड्रायव्हर शिंकला, कंडक्टर तिकीट फाडता फाडता शिंकला, समोरच्या म्हातारबुवांची टोपी उडाली. मी शिंकले आणि घाबरून उजवीकडे हात नेला. नवा पट्टा घट्ट होता, पोट जागच्या जागी. पुन्हा शिंकले. जागच्या जागी. बाई डोळ्यांतून पाणी गाळत ओरडली, "अवो, टिकली! टिकली!" आणि पुढच्या सीटवरचा माणूस विचारायला लागला, काय टिकली बाई, कोन टिकली? मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला होता आणि पवनी येईपर्यंत हसत होते.

दोन वर्षांनी उजवीकडे लिंबाएवढा फुगवटा आलाच. सर्जन म्हणाले, लहान आहे, अडकत नाही, पाणी नीट जातंय, राहू द्या. पुन्हा उघडायचं का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, आणि या वेळी विचार करायला एक दिवसही लागला नाही. त्या दिवशी पवनीला उतरून आम्ही दोघींनी स्टॅंडवर कांद्याची भजी खाल्ली, दोन-दोन प्लेट, आणि पायीच गावाकडे निघालो.